पुस्तक हाती देताना



"सध्या आपण काय वाचत आहात?" हा प्रश्न आपल्या कानी वारंवार पडतो. उपासना आटोपून मंडळी मंदिराच्या आवारात बोलत उभी असतात तेव्हा तो विचारला जातो. पाहुण्याची दृष्टी पुस्तकांच्या कपाटाकडे गेली की तो विचारला जातो. बायबल अभ्यासवर्गानंतर चहा घेतानाही तो निघतो. प्रकृतीची विचारपूस करावी तितक्या सहजतेने आपण तो विचारतो आणि तितक्याच सहजतेने उत्तर देतो. उत्तरापाठोपाठ बहुधा आणखी एक वाक्य येते: "तुम्हीही ते अवश्य वाचा." हे वाक्य उच्चारताना आपण नेमके काय करीत असतो, त्यामुळे आपल्यावर कोणती जबाबदारी येते, आणि ख्रिस्ती मनुष्याने ती कशी पार पाडावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय लहान दिसतो. परंतु कुणीतरी कुणाच्या तरी हाती दिलेल्या एका पुस्तकाने किती आयुष्यांची दिशा बदलली हे पाहिले म्हणजे तो लहान वाटत नाही.

भाषांतराच्या कामानिमित्त माझे अधूनमधून दिल्लीस जाणे होते. तेथे कॅनॉट प्लेसकडून इंडिया गेटकडे जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग आहे. पूर्वी तो व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या नावाने ओळखला जाई. नवे महाराष्ट्र सदन २०१३ साली याच रस्त्यावर सुरू झाले, त्यामुळे दिल्लीस जाणाऱ्या पुष्कळ मराठी माणसांना तो परिचित आहे. या रस्त्याचे एक वैशिष्ट्य असे की, निरनिराळ्या राष्ट्रांनी आपली भाषा व आपले ग्रंथ भारतीय वाचकापुढे ठेवण्यासाठी येथे जागा घेतली. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी रचलेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत १९९२ साली येथे उभी राहिली. अमेरिकन सेंटर याच रस्त्यावर, आणि जर्मन भाषा शिकविणारे मॅक्स म्युलर भवनही याच रस्त्यावर. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी येथील ग्रंथालयांत बसून अभ्यास केला. राष्ट्रेसुद्धा "आमचे हे वाचा" असे सांगतात, आणि सांगण्यामागे त्यांचा काही हेतू असतो. तो वाईटच असतो असे नाही, पण असतो. मग आपण व्यक्ती म्हणून जेव्हा असे सांगतो, तेव्हा आपला हेतू काय असतो?

या प्रश्नाचा विचार करताना ज्या बाईंचे नाव या रस्त्याला दिले आहे त्यांचेच उदाहरण माझ्यासमोर येते. कस्तुरबांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते. पतीने शिकविण्याचा प्रयत्न केला, पण साधी गुजराती पत्रे कष्टाने लिहिता येतील इतपतच त्यांची मजल गेली. तरीही एका इंग्रजी पुस्तकाने त्यांचा संसार बदलून टाकला. १९०४ साली गांधीजी जोहान्सबर्गहून दरबानला निघाले असता हेन्री पोलाक हे तरुण मित्र स्टेशनवर निरोप द्यायला आले आणि प्रवासात वाचण्यासाठी जॉन रस्किन यांचे 'अन टू धिस लास्ट' हे पुस्तक त्यांनी गांधीजींच्या हाती ठेवले. ते आपणांस आवडेल असेही सांगितले. प्रवास चोवीस तासांचा होता. गांधीजींनी पुस्तक हाती घेतले ते खाली ठेवलेच नाही, त्या रात्री त्यांना झोप आली नाही, आणि त्यातील विचारांप्रमाणे जगण्याचा निश्चय त्यांनी केला. त्याच वर्षी दरबानजवळ फिनिक्स वसाहत स्थापन झाली. पुढे कस्तुरबा मुलांसह तेथे राहिल्या, तेथील कष्टाचे जीवन त्यांनी पत्करले, आणि १९१३ साली सत्याग्रहात भाग घेऊन तुरुंगातही गेल्या. पोलाक हे जन्माने यहूदी, घेणारे हिंदू, आणि पुस्तकाचे नाव मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यातून घेतलेले! देणाऱ्याने पुस्तक एकाच्या हाती दिले होते. त्याचा भार मात्र पुस्तक न वाचलेल्या पत्नीने व मुलांनीही वाहिला.

असाच एक रेल्वेप्रवास आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात आहे. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगावला चालले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले, बोलणे झाले, आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांना दिली. ती वाचाल तर दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळक वाचू लागले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन खिळले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. या घटनेचा आनंद आपण शंभराहून अधिक वर्षे मानीत आलो आहोत आणि तो योग्यच आहे. पण त्याच पुस्तकामुळे लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन पतीपासून काही वर्षे दूर राहिल्या, नातलगांत त्यांचे काय हाल झाले, मनाने त्या कशा खचल्या, हे त्यांनीच 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवले आहे. पुढे त्या स्वतः ख्रिस्ताकडे वळल्या, ते पतीच्या सक्तीने नव्हे. तथापि मधली वर्षे त्यामुळे पुसली जात नाहीत.

या दोन्ही प्रसंगांत पुस्तक देणाऱ्याने चूक केली, असे मला म्हणावयाचे नाही. माझे म्हणणे इतकेच की, पुस्तक देणे हे जबाबदारीचे कृत्य आहे. आपण दिलेले पुस्तक कोणत्या घरात शिरेल आणि तेथे कोणाकोणाला काय सोसावे लागेल, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून देऊच नये असे ठरत नाही. परंतु जे आपण स्वतः पारखले नाही, ते दुसऱ्याच्या हाती देण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे मात्र ठरते.

येथे मला दोन शब्दांतील भेद महत्त्वाचा वाटतो. 'शिफारस' हा एक आणि 'साक्ष' हा दुसरा. शिफारस दुसऱ्याच्या भरवशावरही करता येते. ग्रंथाला पारितोषिक मिळाले आहे, मोठ्या माणसाने त्याची स्तुती केली आहे, सर्वत्र त्याचा गाजावाजा आहे, एवढ्यावर आपण शिफारस करून मोकळे होतो. साक्ष तशी देता येत नाही. जे मी पाहिले, ऐकले, माझ्यावर जे घडले, तेवढेच मला सांगता येते. "हे पुस्तक उत्तम आहे" असे म्हणणारा मनुष्य ऐकणाऱ्याला सुचवीत असतो की, मी ते वाचले आहे आणि मला ते उत्तम वाटले आहे. त्याने ते वाचलेलेच नसेल, तर खोट्या साक्षीविषयीची आज्ञा येथे लागू होते असे मला वाटते. शेजाऱ्याविरुद्ध न्यायालयात उभे राहिलो तरच ती आज्ञा मोडते असे नाही. माझ्या शब्दावर विसंबून एखादा विद्यार्थी शंभर रुपये खर्च करील, एखादी थकलेली गृहिणी रात्रीचा तास देईल. त्यांची ती रक्कम व तो तास माझ्या शब्दावर गेलेला असतो.

यावर कुणी म्हणेल की, शिक्षक विद्यार्थ्यांना ग्रंथांची लांबलचक यादी देतो. त्यातील प्रत्येक ग्रंथ अथपासून इतिपर्यंत त्याने वाचलेला असलाच पाहिजे काय? आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर असे की, यादी ही यादी म्हणूनच द्यावी. "या विषयावर हे ग्रंथ प्रमाण मानले जातात, त्यांतील हे दोन मी वाचले आहेत," असे म्हटले की सत्याला बाध येत नाही. अडचण येते ती आपण दुसऱ्याचे मत स्वतःचा अनुभव म्हणून पुढे करतो तेव्हा.

परंतु पुस्तक वाचलेले असले तरी ते सांगण्यातला हेतू शुद्ध असतोच असे नाही. टिळकांना ज्या प्रवचनाने खिळवून ठेवले त्यातच या बाबतीतील अडचण मांडलेली आहे. पाचव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की, दिवा मापाखाली झाकून न ठेवता दिवठणीवर ठेवावा. सहाव्या अध्यायात तोच सांगतो की, धर्माचरण लोकांनी पाहावे म्हणून करू नये, प्रार्थना खोलीचे दार लावून करावी. आपले वाचन दिवठणीवर ठेवावे की दाराआड? दोन्ही आज्ञा एकाच मुखातून आलेल्या आहेत, तेव्हा एक निवडून दुसरी टाकता येणार नाही. मला यातून निघणारा मार्ग असा दिसतो: दिव्याचा उपयोग घरातल्यांना उजेड मिळावा हा आहे, दिव्याकडे पाहून लोकांनी दिव्याची वाहवा करावी हा नाही. मी पुस्तकाचे नाव घेतल्यावर ऐकणाऱ्याचे लक्ष पुस्तकाकडे जाते की माझ्या विद्वत्तेकडे, हे मला स्वतःला बहुधा कळते. समोरच्या माणसाच्या गरजेशी काही संबंध नसताना आपण जर्मन ईश्वरविज्ञात्यांची नावे घेऊ लागलो, तर आपण कोणाची शिफारस करीत आहोत हे ओळखणे कठीण नाही.

संत ऑगस्टिनने 'कन्फेशन्स'च्या आठव्या भागात सांगितलेला प्रसंग या दृष्टीने विचार करण्याजोगा आहे. इ. स. ३८६ मध्ये तो मिलान येथे वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक होता. पॉन्टिशियानस नावाचा त्याच्याच प्रदेशातील एक दरबारी अधिकारी काही कामासाठी घरी आला. खेळण्याच्या मेजावर एक पुस्तक पडले होते. पाहुण्याने सहज उघडले. अध्यापनाच्या विषयाचे असेल असे त्याला वाटले होते, निघाली पौलाची पत्रे. तो स्वतः ख्रिस्ती असल्याने त्याला आनंद झाला. मग त्याने मिसर देशातील तपस्वी अंतोनी याची कथा सांगितली, आणि अंतोनीचे चरित्र एका झोपडीत अकस्मात हाती पडल्याने त्रीर नगरात दोन अधिकाऱ्यांनी आपले जीवन कसे बदलले, तेही सांगितले. त्या संभाषणाने ऑगस्टिन हादरला, आणि त्याचे परिवर्तन त्यानंतर लवकरच झाले. लक्षात घ्या की, येथे कुणी वाचनाचे प्रदर्शन मांडले नव्हते. पुस्तक मेजावर होते, कारण ते खरोखर वाचले जात होते. आणि पाहुण्याने ते पाहून आपल्याजवळचे जे होते ते सांगितले. वाचनाविषयीचा संवाद असा असावा.

"असे धोके असतील तर गप्प बसणेच बरे नव्हे काय?" असाही विचार मनात येईल. मला तो मान्य नाही. गप्प बसण्यानेही अपाय होतो, आणि त्याचे उदाहरण आपल्या भाषेतील पहिल्या मोठ्या ख्रिस्ती काव्यातच आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्याच्या आरंभी एक नवख्रिस्ती मनुष्य पाद्रींना विचारतो की, आमची पूर्वीची पुराणे आपण बंद केलीत, तर आता आम्ही मन रमविण्यासाठी वाचावे तरी काय? आमच्या भाषेत तसे काही आपण का देत नाही? स्टीफन्स यांनी या प्रश्नाला सुमारे अकरा हजार ओव्यांनी उत्तर दिले. आपल्या घराघरांतून व मंडळ्यांतून मात्र "हे वाचू नकोस" असे सांगणारे पुष्कळ असतात, आणि "मग हे घे" असे म्हणून काही पुढे करणारे थोडे. तरुणाच्या हातून एक पुस्तक काढून घेऊन त्याचा हात रिकामा ठेवणे, याला मार्गदर्शन म्हणता येणार नाही.

उलट, पुस्तक देऊन मोकळे होण्याचाही एक मोह असतो. शोकात बुडालेल्या घरी आपण जातो, काय बोलावे सुचत नाही, आणि दुःख या विषयावरील एखादे पुस्तक ठेवून बाहेर पडतो. पुष्कळदा ते पुस्तक त्यांच्यासाठी नसतेच. आपली सुटका व्हावी म्हणून असते. ईयोबाचे मित्र पुढे फार चुकले, पण पहिले सात दिवस ते जमिनीवर त्याच्याजवळ काही न बोलता बसले होते, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. प्रेषितांच्या कृत्यांतील आठव्या अध्यायातला फिलिप्प पाहा. कूशी अधिकारी रथात बसून यशया वाचीत होता. पुस्तक त्याच्याजवळ होतेच. फिलिप्पाने त्याला दुसरा ग्रंथ सुचविला नाही. वाचलेले समजते काय असे विचारले, आणि बोलावणे आल्यावर रथात चढून शेजारी बसला. कधी कधी आपल्या बंधूला नव्या पुस्तकाची गरज नसते. जे त्याच्या हाती आहे, ते वाचताना शेजारी बसणारा कुणीतरी त्याला हवा असतो.

आणखी एक गोष्ट पंडिता रमाबाईंकडून शिकावी. १८७८ साली त्या कलकत्त्यास असताना केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांची एक प्रत दिली. स्त्रियांना वेदाध्ययनाचा अधिकार नाही असे रमाबाईंनी म्हटले. सेन यांनी वाद न घालता वेद व उपनिषदे वाचण्याचा सल्ला दिला. रमाबाईंनी वाचले, आणि त्यांच्या शोधाला वेग आला. पुढे सिल्चर येथे त्यांना स्वतःच्याच संग्रहात लूकचे शुभवर्तमान बंगाली भाषेत सापडले. ते तेथे कसे आले हे त्यांनाही ठाऊक नव्हते. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. सेन यांनी दिलेल्या ग्रंथाने रमाबाईंना सेन यांच्या समाजात आणले नाही. वाचणारी स्त्री वाचत गेली आणि जेथे सत्य दिसले तेथे पोहोचली. म्हणून पुस्तक दिल्यावर त्याची दोरी आपल्या हाती ठेवू नये. "वाचले का? पटले का? मग आता काय ठरविले?" अशी वसुली करणारा मनुष्य वाचकाला ऋणको समजतो. मूळ भाषांतून मराठीत आलेले रमाबाईंचे संपूर्ण बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. ते चाळताना मला पुष्कळदा वाटते की, लूकची ती बंगाली प्रत त्या घरात ठेवणाऱ्याला आपल्या कृत्याचे हे फळ कधी कळले नसेल.

मग "सध्या काय वाचता?" या प्रश्नाला उत्तर कसे द्यावे? 'सध्या' या शब्दाचा मान राखून द्यावे असे मी म्हणेन. डिट्रिच बॉनहॉफर १९४३ च्या एप्रिलपासून बर्लिनच्या टेगेल तुरुंगात होता. तेथून तो मित्राला व आईवडिलांना लिहिलेल्या पत्रांत आपण काय वाचीत आहोत हे सांगे. १९४४ च्या मे महिन्यात भौतिकशास्त्रावरील व्हाइत्सॅकर यांचे पुस्तक त्याच्या मनात घोळत होते. आपल्या ज्ञानात जेथे खिंडार राहिले तेवढेच बुजविण्यासाठी देवाचा उपयोग करू नये, हा त्याला सुचलेला विचार त्याने मित्राला कळविला. त्याने केवळ नाव कळविले नाही. वाचता वाचता मनात काय चालले आहे ते कळविले. पुढल्या वर्षी ९ एप्रिलला त्याला फाशी देण्यात आले. मृत्यू समोर असताना तीमथ्याकडून आपला झगा व पुस्तके मागविणाऱ्या प्रेषित पौलाच्या परंपरेतलाच तो होता.

इतके लिहिल्यावर मी स्वतः काय वाचीत आहे हे न सांगणे उचित होणार नाही. कामासाठी सध्या ईयोबाचे पुस्तक इब्री भाषेत वाचीत आहे. दिवसाला काही ओळीच होतात आणि मी अजून अर्ध्यावरच आहे. ज्यांना दुःखाविषयी फार सोपी उत्तरे ऐकून वीट आला आहे त्यांनी हे पुस्तक मराठीत, शक्य तर मोठ्याने, सलग वाचावे. ज्यांचे दुःख ताजे आहे त्यांना ते एवढ्यात देऊ नये. दुसरे, 'स्मृतिचित्रे'. त्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. धर्मांतराची गोष्ट म्हणजे केवळ विजयाची गोष्ट असे ज्यांना वाटते त्यांनी, आणि लग्न ठरलेल्या प्रत्येक ख्रिस्ती तरुणाने ते वाचावे. ईश्वरविज्ञानाचा पद्धतशीर विचार शोधणाऱ्याची मात्र त्यात निराशा होईल. तिसरे, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल'. फादर २०२४ साली निवर्तले. जुन्या भाषांतराची भाषा ज्यांना अडते अशा घरातील मुलांसाठी ते घ्यावे, पण मंडळीत वाचले जाणारे भाषांतर शेजारी ठेवावे, म्हणजे उपासनेतील शब्द मुलांना परके होणार नाहीत. ही माझी साक्ष आहे. तिची पारख आपण करावी.

प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की, त्याला शिफारसपत्रांची गरज नाही. ती माणसेच त्याचे पत्र आहेत. पुस्तकांच्या बाबतीतही काहीसे तसेच आहे. आपण जे वाचले त्याने आपल्यात सौम्यता, सत्यप्रीती, दुसऱ्याचे ऐकून घेण्याची तयारी आली असेल, तर लोक आपण होऊन विचारतील. तसे विचारणारा समोर आला म्हणजे घाईने नाव सांगू नका. आधी त्याला विचारा की तो कशाच्या शोधात आहे, त्याच्या घरी काय चालले आहे, त्याला वेळ किती आहे. मग आपण वाचलेल्यांपैकी त्याला उपयोगी पडेल असे एखादे असेल तर सांगा, त्यातील उणीव सांगा, आणि शक्य असल्यास आपली प्रतच त्याला द्या. ती परत येईलच असे धरून चालू नका.